बोटभर आक्रोड

बहारीनमधल्या आमच्या हिद्दच्या घरात गारव्याचा पहिला मान एका लाकडाला होता. घर दोन खोल्यांचे. त्यांतल्या एकीच्या खिडकीत बसवलेला जुना एसी, आणि त्याच्या समोर, अम्मी-अब्बांच्या पलंगाखाली, धुवट लुंगीवर निजवलेली आक्रोडाची एक जाड फळी. बाहेर उन्हाळा असा असे की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होते हे कळू नये. हवा ओल्या कापडासारखी अंगाला चिकटून राही. आत ती फळी मात्र दूरदेशाहून आलेल्या पाहुणीसारखी थंड झोपेत असे. दुपारी शाळेतून आले की दप्तर टाकून मी सरळ पलंगाखाली शिरत असे. तिच्यावर गाल टेकवला की एक मंद, कडवट वास येई. कधी मातीचा वाटे, कधी फार दिवस बंद राहिलेल्या पेटीचा. एसीची घरघर फरशीतून पोटात उतरे आणि डोळे मिटता मिटता वाटे, आपण एका जहाजाच्या तळाशी आहोत, आणि जहाज कधीचेच निघाले आहे.

"या तुमच्या लाकडाचं लगीन कवा लावणार तुमी?" अम्मी स्वयंपाकघरातून विचारी. "मी हितं चुलीपाशी वितळतंय, आणि ही बया गारव्यात निजलीय."

"कुणाची तरी लेक हाय ती," अब्बा म्हणत. "जपून सासरी धाडायची."

"मग मना पण घाला पलंगाखाली. मी पण कुणाची तरी लेकच हाय."

दर शुक्रवारी सकाळी अब्बा फळी बाहेर काढीत आणि अम्मीच्या मासळी तोलायच्या काट्याला टांगीत. साफी आणि हामूर तोलून तोलून त्या काट्याच्या आकड्याला खवल्यांचा वास कायमचा बसला होता. त्या आकड्याला आक्रोड लटकताना पाहून अम्मी कपाळाला हात लावी. लाकडातली ओल जात होती तोवर वजन दर आठवड्याला थोडे थोडे उतरत गेले. काटा लागोपाठ तीन शुक्रवार एकाच रेघेवर थांबेल, त्या दिवशी फळी तयार, असा अब्बांचा हिशेब होता. मी काट्याच्या सुईकडे पाहत राही. एवढ्या हळू घडणारी दुसरी कोणतीही गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती.

अब्बा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या गलबते बांधण्यात गेल्या. वाकडा वासा हवा असेल तर सरळ लाकूड वाकवायचे नाही, तसेच वाकडे वाढलेले झाड शोधायचे, हे त्यांना चालता येण्याआधी कळले असावे. पण बहारीनमध्ये त्यांच्या वाट्याला आली ती स्वयंपाकघरातली कपाटे. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वरून चिकटवलेला लाकडाच्या चित्राचा कागद. संध्याकाळी घरी आले की ते हात नाकाशी नेत आणि म्हणत, "वास नाय गो हिला. लाकडाला वास नाय म्हंजे काय?" ते हे कुणाला विचारीत, ते मला त्या वयात कळत नसे. त्यांची एक जुनी सवय तेवढी टिकली होती. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. प्रत्येक कामाला ते बांबूची एक नवी काठी घेत आणि तिच्यावर चाकूने खुणा करीत. अंक लिहीत नसत. घराच्या कोपऱ्यात अशा काठ्यांची जुडी उभी असे. कुणाच्या ओट्याची उंची, कुणाच्या पाळण्याची लांबी. त्या मुक्या काठ्या पाहून मला वाटे, अब्बांनी साऱ्या बहारीनची मापे आमच्या कोपऱ्यात आणून ठेवली आहेत.

रिफा भागात राहणारे अबू यूसुफ अशाच एका कपाटाच्या निमित्ताने आमच्या आयुष्यात आले. पांढऱ्या दाढीचा, आखूड मानेचा, लांब हातांचा निवृत्त गृहस्थ. अब्बांनी त्यांच्या दाराचा कलता कोपरा नुसत्या नजरेने ओळखला, तो रंध्याच्या तीन फटक्यांत सरळ केला, आणि अबू यूसुफांनी विचारले, "रायफलचा दस्ता करशील? खांद्याला टेकतो तो लाकडी भाग?" ते दर वर्षी थंडीत उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात रीतसर परवान्याने रानबोकडांच्या शिकारीला जात. तारुण्यापासून जात होते, आणि दर वर्षी रायफलच्या धक्क्याने खांदा निळा करून घेऊन परत येत. "माझ्या साऱ्या रायफली दुसऱ्या कुणाच्या तरी अंगासाठी बनलेल्या," ते म्हणाले. "गुडघे सांगतात, आता एखादीच सफर उरली आहे. ती एकदा माझ्या खांद्यासाठी केलेल्या रायफलने करायची आहे." लोखंडी भाग परवाना असलेल्या एका बंदूकसाजाच्या, बंदुका जुळवणाऱ्या कारागिराच्या, दुकानात कुलपात राहायचे, तोच ते बसवणार. त्याचे मत होते की दस्ता प्लास्टिकचा घ्यावा. या दमट बेटावर लाकूड फुगते, नेम हलतो. अब्बांनी मला सांगितले, "त्याला म्हणावं, गलबतं पण लाकडाचीच असतात, आणि ती पाण्यातच असतात." मी ते अरबीत सांगितले. बंदूकसाज हसला नाही. अबू यूसुफ मात्र मांडी थोपटून हसले, आणि काम अब्बांना मिळाले. हे जमले तर पुन्हा लाकडाला हात लागणार होता. अबू यूसुफांचे शिकारी मित्र वाट पाहत होते. फसले तर पुन्हा भुशाच्या फळ्या, आणि त्याही त्याच हसू न येणाऱ्या माणसाच्या आठवणीसकट.

मी दुभाषी. सोळा वर्षांची, शाळेत इंग्रजी आणि अरबी शिकलेली. अब्बांची अरबी चार शब्दांची: यल्ला, खलास, इंशाल्ला, मफी. चला, झाले, देवाची मर्जी, नाही. एवढ्यावर त्यांनी बारा वर्षे काढली होती. जुम्म्याची नमाज आटोपली की अब्बांच्या पिकअपमधून आम्ही रिफाला जात असू. अबू यूसुफांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, पडदे ओढलेले, उजेड मधासारखा, वेलदोडा आणि केशराचा कहवा, ताटात खजूर. मधोमध जाडजूड कॅटलॉग उघडलेले. मी इंग्रजी वाचायची, अरबीत सांगायची, मग अब्बांकडे वळून मराठीत. तीन भाषांतून जाताना एखादी वस्तू किती बदलून बाहेर येते, हे मला प्रथम तिथे कळले. पुढे पुण्याला कविता शिकायला गेले तेव्हा गुरुजन ज्याला शब्दाचे वजन म्हणत, ते मी रायफलच्या कॅटलॉगातून आधीच हातात घेऊन पाहिले होते.

नळी निवडायलाच दोन शुक्रवार गेले. लांब नळीतून गोळी वेगाने जाते, पण कड्याकपारीत ती नळी अडते. अबू यूसुफ चित्रावरून बोट फिरवीत आणि डोळे मिटून मनातल्या मनात कुठलासा डोंगर चढत. शेवटी म्हणाले, "आखूड. वेग गोळीपेक्षा माझ्या गुडघ्यांना हवा आहे." बोल्टसाठी, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या दांड्यासाठी, आम्ही बंदूकसाजाच्या दुकानात गेलो. त्याने तीन रिकाम्या यंत्रणा मेजावर मांडल्या आणि एकेक बोल्ट मागे-पुढे करून दाखवला. पहिला किरकिरला, दुसरा सैल वाजला, तिसरा असा सरकला की आवाज जवळजवळ आलाच नाही. शेवटी फक्त, जीभ टाळूला लागावी तसा, एक भरीव बारीक टक्. आम्ही चौघांनीही एकाच वेळी मान वर केली. चाप किती हलका हवा, याला अबू यूसुफांकडे आकडा नव्हता. ते म्हणाले, "पिकलेला खजूर देठावरून सुटतो ना, बिन्ती, माझ्या लेकी, ओढावा लागत नाही, पण आपणहून पडतही नाही. तसा." हे मी बंदूकसाजाला जसेच्या तसे सांगितले. तो पहिल्यांदाच थोडा हसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. दुर्बीण त्यांनी सर्वांत लहान निवडली. "मोठीतून फार लांबचे दिसते," ते म्हणाले. "मग माणसाला वाटते, ते आपलेच आहे."

मग लाकूड. अबू यूसुफांनी मागवलेल्या तीन फळ्या गालिच्यावर ठेवल्या होत्या. अब्बांनी चपला काढल्या, गुडघ्यांवर बसले, आणि पाण्यात बुडवलेला फडका एकेकीवरून फिरवला. सुकी करडी फळी ओली झाली की आतले चित्र वर येई: मधाचे, तपकिरी, काळ्या शाईचे वळसे. मग बोटाच्या पेराने ठोकून त्यांनी मला विचारले, "ऐक गो बाय. कुठली बोलते?" पहिली ठसठशीत वाजली. दुसरीत आत कुठेतरी फट असल्यासारखा आवाज फुटला. तिसरी फार वेळ वाजत राहिली, लांबच्या घंटेसारखी. मी तिसरीवर हात ठेवला. अब्बांनी मान हलवली. "दोरा बघ तिचा, रेषांचा. जिथं मूठ येणार, तिथं आपसूक वाकलाय." आणि फळीच्या रुंद टोकाला, जिथे दस्ता खांद्याला टेकणार, काळ्या रेषांची एक लाट उठून अगदी कडेशी फुटली होती, फेसासकट. अबू यूसुफ तिच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा हिद्दचा किनारा आहे."

माप त्याच दिवशी घेतले. कोपराच्या खोबणीत दस्त्याचे बूड टेकते आणि तर्जनीचे पेर चापाशी पोहोचते. त्या दोहोंमधले अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. अबू यूसुफांनी उन्हाळी थोबचा, त्या पायघोळ पांढऱ्या अंगरख्याचा हात दुमडला. काठी मी धरली होती. कापड इतके तलम होते की त्यातून त्यांच्या कातडीची ऊब माझ्या बोटांना लागली. अब्बांनी चाकूने खूण केली. टक्. काम झाले. त्या क्षणी आम्हा दोघांना जे सुचले नाही, ते दुसऱ्या कुणालाही सुचले असते.

काटा तीन शुक्रवार एका रेघेवर थांबला, आणि फळी पलंगाखालून निघाली. पुढचे दोन महिने घरभर आक्रोडाचा भुगा होता. तो सांदणांच्या पिठात पडे, अम्मीच्या ओढणीवर बसे, माझ्या वह्यांत शिरे. काम सुटले की अब्बा अंगणात बसत, पायांनी लाकूड धरून, जसे त्यांचे वडील गलबताचा वासा धरीत. मुठीवर त्यांनी बारीक शंकरपाळ्यांची नक्षी कोरली. मग जवसाचे तेल. तळहाताने चोळायचे, वाळू द्यायचे, पुन्हा चोळायचे. तेल पिऊन ती लाट दिवसेंदिवस खोल होत गेली. शेवटी तिच्यात पाहताना तोल जाईल असे वाटे. अब्बा त्या दिवसांत गुणगुणू लागले होते. अम्मी एकदा चुलीपुढून उठून दारात आली, नुसती ऐकत उभी राहिली, आणि काही टोमणा न मारता परत आत गेली.

दस्ता बंदूकसाजाच्या दुकानात बसला, खांद्याकडे रबराची पातळ गादी लागली, आणि कागदपत्रे पुरी करून अबू यूसुफांनी रायफल मजलिसमध्ये आणली. रिकामी, बोल्ट काढून ठेवलेली. ती त्यांनी खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळा आपोआप दुर्बिणीमागे आला. मान वाकवावी लागली नाही, हात ताणावा लागला नाही. ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या दाढीवरून एक थेंब ओघळून आक्रोडावर पडला. अब्बांनी झटकन फडक्याने पुसला. तेल अजून कोवळे होते ना. मग दोघेही हसू लागले. अब्बांना असे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही मोजक्याच वेळा.

"बघ, बिन्ती, सामानही तयार आहे," म्हणत अबू यूसुफांनी मला दारामागचा त्यांचा शिकारीचा कोट दाखवला. मी तोवर कोट हातात घेतलेला नव्हता. आमच्या घरात मलमल, सुती, लुंगी, ओढणी. खाडीपासून आखातापर्यंत आमच्या लोकांनी जे काही अंगावर घातले ते वाऱ्याने उडेल असेच. अंगावरच्या कापडाला जाडी असते हे आम्हाला ऐकूनसुद्धा ठाऊक नव्हते. मी गंमत म्हणून बाहीत हात घातला. हात आत गेला, आणि बाहेर उरला तो माझा हात नव्हता, गादीत गुंडाळलेले काहीतरी होते. खांद्याशी मी कोट चिमटीत धरला. चिमूट मिटेना. मधे बोटभर अंतर उरले.

मला सगळे एका क्षणात कळले. थंडीत, कड्यावर, हा कोट घालून ते रायफल उचलतील तेव्हा दस्ता बोटभर लांब पडेल. बूड काखेत अडकेल, डोळा दुर्बिणीपासून दूर राहील, आणि धक्का नेमक्या त्याच निळ्या जागी बसेल. आम्ही भाद्रपदातल्या घामात मलमलीचे माप घेतले होते आणि ते बर्फात पाठवत होतो. मी कोट परत खुंटीला लावला. मागे अब्बा हसत होते. मी दुभाषी होते. मी बोलले नाही तर ती गोष्ट कोणत्याच भाषेत नव्हती.

परतीच्या वाटेवर अब्बा पिकअप चालवताना गुणगुणत होते, डावीकडे सूर्य समुद्रात विरघळत होता, आणि मला ठाऊक होते की दस्ता आखूड करायचा तर तो मागूनच कापावा लागेल. म्हणजे ती लाट.

सकाळी अब्बा घावन आणि नारळाचा रस खात असताना मी म्हटले, "अब्बा, आपण कोट मोजला नाय."

"कसला कोट?"

मी उठले, कोपऱ्यातली ती काठी आधी त्यांच्या नुसत्या कोपरात टेकवली, मग पलंगावरची गोधडी चौपदरी घडी करून मधे ठेवली. खूण त्यांच्या बोटाच्या किती पुढे सरकली ते त्यांनी पाहिले. हातातला घावनाचा तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला.

"काठी मी धरली होती," मी म्हणाले.

"काठी तू धरलीस. खूण माझी." ते बराच वेळ खुणेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मना कोट म्हायत नव्हता गो. आता म्हायत झाला. चल."

"आज सांगितलंच पायजे काय?" अम्मीने हळूच विचारले. "माणूस खूश हाय. एखादीच तर सफर."

"एखादीच हाय म्हणूनच," अब्बा म्हणाले, आणि चपला घालू लागले.

मजलिसमध्ये अबू यूसुफांनी कोट चढवला, रायफल उचलली, आणि बूड काखेत अडकले. त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा अडकली. त्यांनी आमच्याकडे पाहिले. मी त्यांना सर्व सांगितले. मलमल, भाद्रपद, गोधडी, काठी. ते लाटेवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे. मी कोट काढून नेम धरेन." मी भाषांतर केले. अब्बांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली आणि आपल्या चारांपैकी एक शब्द उच्चारला: "मफी." मग मराठीत, मला, "त्यांना सांग, लाकूड माणसासाठी असतं. माणूस लाकडासाठी कुडकुडत नाय."

बंदूकसाजाच्या दुकानात लोखंड वेगळे झाले, रबराची गादी निघाली. अब्बांनी कोट घातलेल्या अबू यूसुफांचे माप नव्या काठीवर घेतले आणि दस्ता शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला. बारीक दातांची करवत त्यांनी आधी स्वतःच्या नखावर तपासली. मी डोळे मिटून घेतले, पण कान कसे मिटणार? आक्रोड कापताना ओरडत नाही. झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा आवाज येत राहिला, आत, बाहेर, आत, बाहेर, आणि मग फरशीवर काहीतरी हलकेच पडले. बंदूकसाजाने वाकून ते उचलले, दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि अब्बांच्या हातात दोन्ही हातांनी दिले. त्या माणसाने अब्बांना काही दोन्ही हातांनी देण्याची ती पहिली वेळ. अब्बांनी ते माझ्या ओंजळीत ठेवले. बोटभर जाडीची चकती. तिच्यात लाटेचा सगळा फेस.

ती आज बहारीनमधल्याच जनाबियाच्या माझ्या घरात, लिहिण्याच्या मेजावर आहे. नात इंग्रजीत विचारते, हे कपाखाली ठेवायचे आहे का, आणि मी मराठीत नाही म्हणते. दमट महिन्यांत ती किंचित फुगते, थंडीत आक्रसते. अब्बा गेले तरी तिला ऋतू कळतात. अब्बांनी पुढे अनेक दस्ते केले, आणि प्रत्येकाला, पाळणा मागणाऱ्या बाईलासुद्धा, मला आधी हेच विचारायला लावले: "नेणार कुठं? तिथली हवा कशी?" त्यांच्या काठ्यांवर खुणेशेजारी दुसरी एक बारीक खूण दिसू लागली, पांघरुणाची.

अबू यूसुफ थंडी सरता सरता परतले आणि प्रथमच आपण होऊन हिद्दला आले. आमच्या दोन खोल्यांत त्यांचा थोब फार पांढरा दिसत होता. अम्मीने सांदणे पुढे केली. त्यांनी चार खाल्ली. बोकड मिळाला का, कड्यावर बर्फ होते का, यातले त्यांनी काहीच सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. चहा झाल्यावर ते अब्बांच्या समोर सरकून बसले. थोबची गळ्यापाशीची दोन बटणे काढली, कापड एका बाजूला ओढले, आणि उजवा खांदा उघडा केला. म्हातारी, सुरकुतलेली, गव्हाळ कातडी. कुठे डाग नाही, निळे नाही. त्यांनी त्या जागेवर दोन बोटे थोपटली.

"मफी," ते म्हणाले.

सवयीने मी अब्बांकडे वळले, सांगण्यासाठी तोंड उघडले. अब्बांनी हात वर करून मला थांबवले. ते त्या खांद्याकडे पाहत होते.